भाव चौऱ्याहत्तर, पाहुण्यांना बहात्तर

आमचं कळंब्यातलं घर विकायचं ठरलं ते माझ्या गुडघ्यांमुळं. दीड गुंठ्यात उभं केलेलं घर. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या दोन खोल्या आणि संडास-बाथरूम. मधे सतरा पायऱ्या, त्याही अशा उंच की बांधणाऱ्या मिस्त्रीचा माझ्यावर काहीतरी जुना राग असावा. तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत उभी राहून मी पोरांना शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर वर्षभरात दोन्ही गुडघ्यांनी हात वर केले. साखर इतकी की डॉक्टर ऑपरेशनचं नाव काढायला तयार नाहीत. ते म्हणाले, "बाई, गुडघे बदलता येत नाहीत, तर घर बदला." तोवर माझी अवस्था अशी झाली होती की सकाळी मी खाली उतरायची ती बसून, एकेक पायरी, रांगतं पोर उतरतं तशी. एकदा खाली आले की रात्रीपर्यंत वर जायचं नाही म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायची. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

राजारामपुरीत एक फ्लॅट बघितला. तिसरा मजला, पण लिफ्ट. लिफ्टमधे मी बिल्डरच्या माणसासमोर उगाच दोनदा खाली-वर करून घेतलं. टोकन दिलं. बिल्डरनं बजावलं, अक्षय्य तृतीयेपर्यंत बाकीचे पैसे आले तर फ्लॅट तुमचा, नाहीतर मागं दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. हातात अडीच महिने होते.

आता घराचा भाव काय लावायचा? आमच्या ह्यांनी एक जुनी वही काढली आणि दोन दिवस हिशेब केला. प्लॉटचे पैसे, सिमेंट, सळी, फरशी, माझ्या मोडलेल्या पाटल्या, आणि बांधकामावर पाणी मारायला ह्यांनी काढलेली दोन महिन्यांची रजा. सगळं आजच्या दरानं. बेरीज आली एक्क्याण्णव लाख. रजेचा आजचा दर कुठनं आणला, मला माहीत नाही. शेजारच्या वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कोटीच्या खाली बोलूच नका, आमच्या घराचा भाव पडतोय." त्यांना घर विकायचं नव्हतं, तरी त्यांच्या घराचा भाव आमच्या जबाबदारीवर होता.

मग एजंट आला. तिशी-पस्तिशीचा, अंगाला अत्तराचा वास, आधी मोटारसायकली विकायचा. त्यानं छताकडं बघितलं, भिंतीवर बोटानं टकटक केलं, नळ सोडला, नळ बंद केला, आणि म्हणाला, "अडुसष्ट." ह्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं घर नाही, ह्यांनाच कुणी अडुसष्टला मागितलं. दोन तास घासाघीस झाली. गंमत म्हणजे गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हता, आपल्याच एजंटाशी भांडून आम्ही दमलो. शेवटी चौऱ्याहत्तर ठरले. एजंट म्हणाला, "काका, चौऱ्याहत्तर म्हंजे चौऱ्याहत्तर. कमी करायचं असंल तर मी करतो, तुमी न्हाय. तुमी तोंडच उघडायचं न्हाय."

त्यानंतर घर सजवणं. एजंटाचं म्हणणं, घरात माणसं राहतात हे दिसता कामा नये. मग इतकी वर्षं आम्ही काय केलं इथं? पण ऐकावं लागलं. बत्तीस स्टीलचे डबे, लोणच्याच्या बरण्या, दोन पाटे, एक वरवंटा आणि ह्यांची कारखान्यातनं मिळालेली सगळी भेटवस्तूंची घड्याळं वहिनींच्या जिन्याखाली गेली. भिंती मलईच्या रंगानं रंगवल्या. हॉलमधे पोपटी उशा आल्या, ज्यांना टेकायचं नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास एजंट मोगऱ्याचा फवारा मारायचा. घरात सकाळी सुकटीचं कालवण झालेलं असलं की मोगरा आणि सुकट मिळून असा वास उठायचा की मांजरंसुद्धा दारातनं परत जायची. फोटो तर त्यानं मोबाईलवर असे काढले की आमचा बारा बाय चौदाचा हॉल लग्नाच्या कार्यालयासारखा दिसू लागला. फोटो बघून मीच म्हटलं, हे घर आपल्याला परवडायचं नाही.

एवढं सगळं करूनही एजंटाला खरी भीती होती ती आमच्या ह्यांच्या तोंडाची, आणि ती रास्त होती. हे साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते. तीस वर्षं मोटारसायकलवरनं गावोगाव फिरून उसाच्या नोंदी घेतल्या. जिल्ह्यातलं कुठलंही गाव सांगा, हे त्या गावातल्या चार घरांची नावं, दोन भांडणं आणि एका विहिरीची खोली सांगतात. त्यामुळं नवा माणूस दिसला की ह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पावणं, गाव कुठलं?" गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की मामाचं गाव, आणि दहा मिनिटांत तो माणूस आमचा कोण तरी लागतो. पंढरीच्या वाटेवर सोडाच, एकदा तर दवाखान्यात सलाईन लावायला आलेल्या ब्रदरचा ह्यांनी साडू काढला. एजंट म्हणाला, "काका, गाव इचारायचं न्हाय. एकदा पावणा झाला की व्यवहार मेला." हे म्हणाले, "न्हाय की इचारत." मी बाजूला बसून हसले.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते भुदरगडकडचं जोडपं. तो ट्रॅक्टरच्या शोरूममधे मॅनेजर. वरच्या खोल्या बघून खाली आले, पोपटी उशांच्या पुढं सरकून बसले, आणि एजंट भावाचं बोलणार एवढ्यात ह्यांनी पेपर खाली केला. "गाव कुठलं म्हणायचं पावणं?" एजंटानं डोळे मिटले. चार मिनिटांत निष्पन्न झालं की तो माणूस ह्यांच्या धाकट्या बहिणीच्या जावेचा सख्खा भाचा. मग काय, मी पण माणूसच की. चहा झाला, पोहे झाले, आणि दुपार झालीच आहे तर जेवूनच जावा म्हणून भाकरी आणि अंड्याचा रस्सा झाला. हात धुताना ह्यांनी आपण होऊन सांगितलं, "तुमच्याकडनं चौऱ्याहत्तर कसं घ्यायचं? बहात्तर द्या." एजंटाच्या घशात पाणी अडकलं.

तो भाचा बहात्तरला तयार झाला, पण म्हणाला, "मामा, निम्मं आत्ता देतो, निम्मं दर सीझनला थोडं थोडं. आता घरातलंच हाय न्हवं." आणि मामा मान हलवत होते. पाहुण्याकडं तगादा कसा लावायचा, हा प्रश्न ह्यांना भाव सांगताना सुचला नव्हता. आठ दिवस फोनाफोनी झाली, बहिणीच्या जावेपर्यंत रुसवा गेला, आणि व्यवहार मोडला. बहीण अजून आमच्याशी तुटक बोलते. घर होतं तिथंच आणि मी पण सतरा पायऱ्यांच्या खाली बसलेली.

दुसरे आले ते हातकणंगल्याकडचे जैन व्यापारी, साठीचे, पांढरे शुभ्र कपडे, अतिशय सभ्य. मुलासाठी घर बघत होते, सगळे पैसे एकरकमी द्यायची तयारी. मी देवाला सांगितलं, आता ह्यांना तासभर मुकं कर. इथं सोयरिकीचा प्रश्न नव्हता, म्हणून मी निर्धास्त पण होते. पण हे काय कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. गाव निघालं, आडनाव निघालं, आणि त्यातनं अडतीचं दुकान निघालं. ह्यांचे वडील गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, गाडीत घालून ज्या अडतीला न्यायचे, ती ह्या गृहस्थांच्या आजोबांची. एका वर्षी गूळ पडत्या भावात गेला तेव्हा त्या आजोबांनी ह्यांच्या वडिलांना आत्याच्या लग्नासाठी पैसे दिले होते म्हणे. दोघांचे डोळे भरून आले. एजंट माझ्याकडं बघत होता, मी छताकडं. "तुमच्या आज्याचं उपकार हायत," हे म्हणाले. "बहात्तर द्या."

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा फोन. घर आवडलं होतं, भाव पटला होता, पण रात्रभर विचार केला म्हणाले. "लोक काय म्हणतील? अडत्यानं आधी गूळ घेतला, आता पोराचं घर पण घेतलं. आपला तीन पिढ्यांचा संबंध आहे, त्याला डाग नको." आणि फोनपाठोपाठ लाडवांचा डबा आला. लाडू चांगले होते. साखरेमुळं मला एकही खाता आला नाही.

अक्षय्य तृतीयेला तेरा दिवस उरले होते. त्याच आठवड्यात वरनं उतरताना माझा हात कठड्यावरनं निसटला आणि मी चार पायऱ्या पाठीवर आले. हाड मोडलं नाही, पण कोपर सोलून निघालं आणि खाली पडल्या पडल्या मी जे बोलले ते शाळेतल्या बाईला शोभणारं नव्हतं. "तुम्हाला पाहुणे पाहिजेत का बायको पाहिजे ते एकदा ठरवा," मी म्हटलं. ह्यांनी मला उठवलं, खुर्चीत बसवलं, हळद लावली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की परत कुणाला गाव विचारणार नाही. ते घाबरले होते, हे मला दिसलं.

दोन दिवसांनी एजंटाचा फोन आला, माझ्याच मोबाईलवर. "काकू, पार्टी एक नंबर. दोघंबी सरकारी नोकरीत, कर्ज मंजूर हाय, घाई हाय त्यास्नी." मग आवाज खाली आला. "फकस्त एक सांगतो. बौद्ध हायत. तुमाला चालतंय न्हवं?"

तीस वर्षं मी समतेचा धडा शिकवला. परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न काढला. तेव्हा मी ताडकन म्हटलं, "आम्हाला कसलं आलंय तसलं? या म्हणावं." शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि कपाटाच्या वरच्या फळीवरनं कागदी कपांचं पाकीट काढलं. एजंटानं ते पहिल्याच दिवशी आणून दिलं होतं, टापटीप दिसतं म्हणून. तोवर मी त्याला हात लावला नव्हता. पाहुण्यांना कागदात चहा देतात का, असं त्यालाच सुनावलं होतं. त्या दिवशी मात्र मी स्वतःला समजावलं की कोपर दुखतंय, कप विसळायला नकोत. घरात दोन डझन कप होते आणि भांड्याला बाई होती.

ते दोघं आले. ती सरकारी दवाखान्यात औषधं देणारी फार्मासिस्ट, तो पाटबंधारे खात्यात. तिनं घर नीट बघितलं. नळ सोडून धार बघितली, गच्चीवर पाणी कुठं साचतं विचारलं, कपाटाची दारं उघडून बघितली. पायऱ्या उतरून आली आणि माझ्या कोपराच्या पट्टीकडं बघून म्हणाली, "काकू, तुम्हाला ह्या जिन्याचा फार त्रास होत असेल ना? रात्री उशाशी पाणी ठेवत जा, आणि संडास वर आहे म्हणून दिवसा कमी पिऊ नका." अडीच महिन्यांत घर बघायला आलेल्या माणसांपैकी माझ्याकडं बघितलेली ती पहिली. जेवून गेलेल्या भाच्यालासुद्धा माझे गुडघे दिसले नव्हते.

आणि आमचे हे? पेपर उघडून बसले होते. शपथ पाळत होते, असं कुणीही म्हणेल, मी पण तेव्हा तसंच म्हटलं. पण मी चाळीस वर्षं ह्यांच्याबरोबर काढली आहेत. शपथ पाळताना ह्यांची जीभ कशी वळवळते ते मला माहीत आहे. डॉक्टरनं तंबाखू सोडायला लावली तेव्हा आठवडाभर बघितलंय. त्या दिवशी काहीच वळवळत नव्हतं. ह्यांना गाव विचारावंसं वाटलंच नव्हतं. कोण लागणार होतं त्यातनं?

तो तरुण म्हणाला, "काका, थोडं कमी होईल का?" हे पेपरातनं वर न बघता म्हणाले, "न्हाय. चौऱ्याहत्तर." दोघांनी एकमेकांकडं बघितलं. ती म्हणाली, "ठीक आहे." कागदी कपातला चहा त्यांनी पूर्ण प्याला आणि कप स्वतःच उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकले.

ते गेल्यावर एजंटानं ह्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "काका, आज कसं शिकवल्यागत वागलासा. पंधरा मिनटात सौदा." मी पण खूश होते, खोटं कशाला बोलू. लिफ्टच दिसत होती मला डोळ्यांपुढं. वहिनी कुंपणाशी आल्या, हळूच म्हणाल्या, "कुणाला देतोय ते तरी बघायचं की हो." मी म्हटलं, "पूर्ण भाव दिला त्यांनी, एक रुपया कमी नाही." वहिनी कुंपणावरनं परत फिरल्या. आपण त्यांना चांगलं सुनावलं, असं मला वाटलं.

अक्षय्य तृतीयेच्या तीन दिवस आधी नोंदणी कार्यालयात गेलो. तिथं नंबर लागेपर्यंत बाकावर बसायचं. पंखा फिरत होता, वारा येत नव्हता. तिनं मला भिंतीकडची जागा दिली, म्हणजे पाठ टेकता येईल. आमचे हे तिच्या पलीकडं. तिचा नवरा आणि एजंट झेरॉक्स काढायला गेलेले. बसल्या बसल्या ती सहज म्हणाली, "काका, एक सांगू? त्या दिवशी तुम्ही गाव विचारलं नाहीत ते फार बरं झालं."

ह्यांनी मान वळवली. "का गं?"

"विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं की." आणि तिनं गावाचं नाव सांगितलं. ह्यांच्या हद्दीतलं गाव. उसाच्या नोंदीला वर्षातनं वीस वेळा तरी जायचे. "तुम्ही गावात आलासा की मोटारसायकल आमच्या दारात लावायचात. पहिलंच घर आमचं, चिंचेची सावली होती ना. मी सातवीत असेन. उन्हानं सीट तापू नये म्हणून आई त्यावर ओलं पोतं टाकायची. तुम्ही गाडी लावून गावात जायचात, ते संध्याकाळी परत यायचात." ती हसली. "घर बघायला आले तेव्हा मी दारातच ओळखलं तुम्हाला. मिस्टरांना म्हटलं पण, जिन्यात. ते म्हणाले, सांग की मग. मी म्हटलं नको. ओळख काढून भाव पाडायला आली, असं वाटेल."

ह्यांचं तोंड उघडं राहिलं. त्या गावातली माणसं ह्यांना तोंडपाठ. कुणाची किती एकर, कुणाचा कुणाशी बांधावरनं वाद, सगळं. "तुझ्या वडिलांचं नाव काय म्हणालीस?" ह्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. "व्हय व्हय," हे म्हणाले. ह्यांना ते नाव माहीत नव्हतं. मला कळलं, आणि मला वाटतं तिलाही कळलं, कारण तिनं विषय तिथंच सोडला, पर्समधनं पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली.

नंबर पुकारला. आत गेलो, अंगठे दिले, फोटो काढले. कागदावर चौऱ्याहत्तर लाख लिहिलेले होते. तिथल्या माणसानं विचारलं, रक्कम मान्य आहे का. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी समोरच्या यंत्राकडं बघितलं. दोघंही हो म्हणालो.

रिक्षातनं परत येताना ह्यांनी कागदावरचा आकडा परत एकदा वाचला. मग म्हणाले, "दोन लाख कमी करायला पाहिजे हुतं."

"मग बोलायचं की तिथं."

"तू बी हुतीस की तिथं."

नंतरही आम्ही दोन-तीनदा ठरवलं, तिला फोन करायचा, काहीतरी निमित्त काढून पैसे परत द्यायचे. पण काय म्हणून द्यायचे? कमी का केले नव्हते ते सांगावं लागलं असतं. मग नव्या फ्लॅटमधे स्वयंपाकघराचं काम निघालं. काळा ग्रॅनाईटचा ओटा, खाली सरकती कपाटं, आणि उभं राहून दमले की बसायला एक उंच स्टूल. लिफ्ट आहे, गुडघे बरे आहेत, पाणी पोटभर पिते. पाहुणे येतात, ओट्यावरनं हात फिरवतात आणि विचारतात, केवढ्याला पडलं. मी दोन लाख सांगते.